भावाचा पीएसपी पुन्हा चालू केला, तो असा

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माळ्यावरून मखराचं सामान काढताना मागच्या कोपऱ्यातला बुटांचा खोका हाती लागला. आत फडक्यात गुंडाळलेला काळा पीएसपी होता, म्हणजे सोनीचं हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. मामांनी २००९ साली दुबईहून माझ्या धाकट्या भावासाठी आणलेला. भाऊ आता जहाजावर असतो, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने, तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "आत्या, हे बाबांचं आहे? चालतं का गं?"

तेव्हा चालत नव्हतं. आता चालतं. मी रत्नागिरीत कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मल्टिमीटर धरता येतो, कॉम्प्युटरवर फाइली इकडून तिकडे हलवता येतात, याहून जास्त काही मला येत नव्हतं. एवढ्यावर हे काम होतं, म्हणून लिहिते आहे. कितीतरी घरांत असे पीएसपी पडलेले आहेत आणि लोक ते भंगारात देतात. ते थांबावं असं मला मनापासून वाटतं.

थोडी माहिती आधी. पीएसपी जपानात डिसेंबर २००४ मध्ये आला. ४.३ इंचांचा पडदा, ४८० बाय २७२ ठिपके, ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्रोसेसर आणि खेळांसाठी यूएमडी नावाची छोटी डिस्क. पहिल्या १००० मॉडेलमध्ये रॅम ३२ एमबी होती, पुढच्या २००० आणि ३००० मध्ये ६४. सोनीने २०१४ मध्ये त्याचा पुरवठा थांबवला. आतली जी मूळ प्रणाली, तिला फर्मवेअर म्हणतात. ती फक्त सोनीची सही असलेले प्रोग्राम चालवते. हौशी प्रोग्रामरांनी त्या प्रणालीची सुधारलेली आवृत्ती तयार केली, ती कस्टम फर्मवेअर. ती टाकली की डिस्कची प्रत कार्डावरून चालते, लोकांनी फुकट लिहिलेले खेळ आणि पुस्तक वाचायचे प्रोग्राम चालतात. एके काळी हे काम भलतंच अवघड होतं. २००७ च्या सुमारास पँडोरा बॅटरी नावाचा प्रकार निघाला होता, बॅटरीच्या आतल्या चिपमधला अनुक्रमांक बदलून यंत्राला सर्व्हिस सेंटरच्या अवस्थेत न्यायचं. आता त्यातलं काही करावं लागत नाही.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट बॅटरी, आणि इथे घाई करू नका.

मागचं झाकण काढलं तर आमची बॅटरी फुगून पोटावर आली होती. झाकण नीट बसत नसेल, टेबलावर ठेवल्यावर यंत्र डुगडुगत असेल, तर समजा बॅटरी फुगली आहे. ती टोचू नका, दाबून बसवू नका, "एकदा चार्ज करून बघू" असंही म्हणू नका. कपड्याने धरून बाहेर काढा, सुक्या जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घरच्या कचऱ्यात लिथियमची बॅटरी टाकणं धोक्याचं आहे. नवी घेताना मॉडेल पाहा. १००० ची बॅटरी जाड, १८०० एमएएच. २००० आणि ३००० ची पातळ, १२०० एमएएच. या दोन एकमेकींच्या जागी नीट बसत नाहीत. बाजारात पातळ बॅटरीवर ३६०० असा आकडा छापलेला मिळतो. तो खरा मानू नका. सोनीनेच २००० साठी २२०० एमएएचची बॅटरी काढली होती आणि तिला सामावायला फुगीर झाकण वेगळं द्यावं लागलं होतं. त्याच आकारात तिप्पट वीज कुठून येणार? जी १२०० असं प्रामाणिकपणे छापते ती घ्या.

चार्जर ५ व्होल्टचा, पिनेचा मधला भाग धन. आमच्या घरी मूळ चार्जर सापडला, पण कोकणातल्या हवेत पंधरा पावसाळे काढल्याने त्याच्या पिनेवर हिरवट थर आला होता. यंत्रातल्या बॅटरीच्या पट्ट्याही काळवंडल्या होत्या. पेन्सिलीचं साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं. खोडरबराचा चुरा आत राहू देऊ नका. बॅटरी काढून ठेवून नुसत्या चार्जरवर पीएसपी सुरू होतो का ते पाहा. आमचा झाला. हिरवा दिवा लागला, पडदा उजळला आणि त्याने तारीख-वेळ विचारली. भाचा ओरडला आणि आई देवघरातून बाहेर आली.

एक गोष्ट ३००० वाल्यांसाठी: चित्र वेगाने हललं की पडद्यावर बारीक आडव्या रेघा दिसतात. तो बिघाड नाही, त्या पडद्याची जातच तशी आहे. मी दोन दिवस उगाच काळजी केली.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. यंत्र सुरू झालं की लगेच इंटरनेटवरून काही उतरवू नका. आधी त्यातलं जे आहे ते जपा. डाव्या बाजूच्या झाकणाखाली मेमरी स्टिक, म्हणजे माहिती साठवायचं सोनीचं कार्ड, असतं. आमची स्टिक दोन जीबीची होती. पीएसपीला मिनी यूएसबी केबल लागते. आजच्या मोबाइलची चालत नाही, जुन्या कॅमेऱ्याची किंवा जुन्या पोर्टेबल हार्ड डिस्कची शोधा. केबल जोडा, सेटिंग्जच्या रांगेत वरच्या टोकाला यूएसबी कनेक्शन आहे तिथे फुलीचं बटण दाबा. कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्हसारखा ड्राइव्ह उघडतो. त्यातलं सगळं, एकही फोल्डर न वगळता, कॉम्प्युटरवर एका नव्या फोल्डरात उतरवून घ्या आणि त्या फोल्डरला आजची तारीख द्या. मग ती प्रत आणखी एका ठिकाणी ठेवा.

पीएसपी नावाच्या फोल्डरात सेव्हडेटा नावाचा फोल्डर असतो. प्रत्येक खेळाची प्रगती तिथे. आमच्या स्टिकवर अशा एकोणीस नोंदी होत्या. एक शर्यतीच्या खेळाची. शेवटची तारीख जून २०११, म्हणजे भाऊ पहिल्यांदा जहाजाच्या प्रशिक्षणाला गेला त्याच्या आदल्या रात्रीची. चौऱ्याऐंशी टक्के पूर्ण. त्या रात्री मी त्याची बॅग भरत होते आणि तो ओसरीवर बसून खेळत होता, ते मला लख्ख आठवलं. नोंद असते काही शे केबीची. फॉरमॅटचं, म्हणजे कार्ड पुसून कोरं करायचं, एक बटण चुकून दाबलं की गेली. म्हणून पुन्हा सांगते, आधी प्रत.

कार्ड. मूळ मेमरी स्टिक प्रो ड्युओ आता महाग आणि दुर्मीळ आहे. त्याऐवजी एक अडॅप्टर मिळतं, त्यात मोबाइलचं मायक्रोएसडी कार्ड बसतं आणि पीएसपीला ते स्टिकसारखं दिसतं. एकाच कार्डाची जागा असलेलं अडॅप्टर घ्या. दोन कार्डांचंही मिळतं, पण त्यात दोन्ही कार्डं मिळून एकच साठा होतो आणि एक बिघडलं की दोन्हींतलं गेलं. ३२ जीबी पुरेसं आहे. मी आधी एका दुकानातून ६४ जीबीचं स्वस्त कार्ड आणलं आणि ते बनावट निघालं, आठ जीबीनंतर फाइली लिहिल्यासारखं दाखवायचं पण आत काही नसायचं. तेव्हापासून कार्ड आणलं की आधी कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासते. लिनक्सवर त्याच कामाला एफ३ आहे. तासभर लागतो, लागू द्या. मग कार्ड पीएसपीत घालून सिस्टम सेटिंग्जमधल्या फॉरमॅट मेमरी स्टिकने तिथेच फॉरमॅट करा. लागणारे फोल्डर यंत्र स्वतःच तयार करतं. मग जपून ठेवलेल्या प्रतीतला सेव्हडेटा त्यात परत घाला.

आता फर्मवेअर. सेटिंग्ज, सिस्टम सेटिंग्ज, सिस्टम इन्फर्मेशन, इथे आवृत्ती दिसते. आमच्यात ६.२० होती. आधी सोनीची शेवटची आवृत्ती ६.६१ टाकायची, ती जानेवारी २०१५ मध्ये आली. वायफायवरून अपडेटच्या नादी लागू नका. पीएसपीचं वायफाय ८०२.११बी या जुन्या जातीचं आहे, आजच्या राउटरशी त्याचं बरेचदा जुळत नाही. अपडेटची फाइल कॉम्प्युटरवर उतरवा. तिचं नाव ईबूट आणि पुढे पीबीपी, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. कार्डावरच्या पीएसपी फोल्डरात गेम, त्यात अपडेट नावाचा नवा फोल्डर करा, तोही इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आणि फाइल त्यात ठेवा. पीएसपी गो नावाचं डिस्क नसलेलं मॉडेल असेल तर त्याची फाइल वेगळी असते, ही त्यात चालत नाही.

अपडेट करताना बॅटरी चांगली भरलेली हवी आणि चार्जरही जोडलेला हवा. यंत्र दोन्ही तपासतं आणि नसेल तर नकार देतं. त्याला कारण आहे. अपडेट म्हणजे आतली मेमरी पुसून नवी लिहिणं. मधेच वीज गेली तर अर्धी पुसलेली आणि अर्धी लिहिलेली प्रणाली उरते आणि यंत्र उठत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी ते काम रविवारी सकाळी, आभाळ मोकळं असताना केलं. नव्या बॅटरीसाठी थांबण्याचं कारणही हेच. गेमच्या रांगेत मेमरी स्टिक निवडा, अपडेटचं चित्र दिसेल, फुली दाबा आणि संपेपर्यंत कशालाही हात लावू नका. जपानातून आणलेल्या यंत्रात फुलीऐवजी गोलाचं बटण म्हणजे हो, एवढं ध्यानात असू द्या.

आता कस्टम फर्मवेअर. ६.६१ वर चालणाऱ्या दोन-तीन आहेत. जुन्यांमध्ये प्रो नावाची लोकप्रिय होती. मी आर्क-४ घेतली, कारण तिच्यावर अजून काम चालू आहे. गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर तिच्या मूळ प्रकल्पाचं पान आहे, तिथूनच उतरवा. व्हिडिओखालच्या अनोळखी दुव्यांवरून काही घेऊ नका. यंत्राच्या मुळाशी जाणारा प्रोग्राम ओळखीच्या हातूनच घ्यावा.

झिप उघडली की त्यात दोन फोल्डर महत्त्वाचे. एकाचं नाव आर्क, मग खालची रेघ, मग ०१२३४. हा पीएसपीच्या आत सेव्हडेटामध्ये ठेवायचा. दुसरा आर्क लोडर, हा पीएसपीच्या आत गेममध्ये. नावातलं एक अक्षरही बदलायचं नाही. बहुतेक जण इथेच चुकतात, झिपमधला बाहेरचा मोठा फोल्डर तसाच टाकतात, म्हणजे फोल्डरात फोल्डर होतो आणि यंत्राला तो दिसत नाही किंवा बिघडलेली माहिती असा शेरा येतो. सोबतची रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल, खरोखर वाचा. आवृत्तीगणिक एखादी पायरी बदलते.

केबल काढा, गेम, मेमरी स्टिक, आर्क लोडर, फुली. पडदा क्षणभर काळा होतो आणि नेहमीचा मेनू परत येतो. काहीच झालं नाही असं वाटतं. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये पाहा, ६.६१ च्या जोडीला आर्कचं नाव दिसेल. झालं.

यातली एक खुबी मला फार आवडते. ३००० मॉडेलमध्ये अशा रीतीने चालवलेली आर्क यंत्राच्या चालू मेमरीत राहते. उजव्या बाजूची पट्टी क्षणभर वर सरकवली तर पीएसपी झोपतो आणि उठल्यावर आर्क असतेच. तीच पट्टी तीन-चार सेकंद धरून पूर्ण बंद केला की पुढच्या वेळी सोनीची मूळ प्रणाली सुरू होते आणि लोडर पुन्हा एकदा चालवावा लागतो. लोक याला कटकट म्हणतात. मला तो आधार वाटतो. काही बिनसलं तर पूर्ण बंद करा, मूळ यंत्र जसंच्या तसं समोर येतं. १००० मध्ये आणि सुरुवातीच्या २००० मध्ये कायमची बसवायची सोय पूर्वीपासून आहे, आणि इतरांसाठीही मार्ग निघाले आहेत, पण कायमचं म्हणजे आतल्या मेमरीत लिहिणं आलं. पहिले काही महिने तरी त्या वाटेला जाऊ नका. लोडरला दहा सेकंद लागतात.

आता डिस्का. खोक्यात आठ यूएमडी होत्या. यूएमडीची प्लास्टिकची कवचं जुनी झाली की सांध्यातून उकलतात. आमच्या दोन उकलल्या होत्या. दोन भाग नीट जुळवून कडेला चिकटपट्टीची अगदी बारीक पट्टी लावली, डिस्कला गोंद लागू दिला नाही, आणि दोन्ही वाचल्या गेल्या. अशा डिस्कांची प्रत लवकर काढून घ्या. डिस्क आत घाला, मुख्य मेनूवर असताना सिलेक्ट दाबा. एक छोटी चौकट उघडते. तिच्यात यूएसबी डिव्हाइस अशी ओळ आहे, तिथे मेमरी स्टिक बदलून यूएमडी करा. आता यूएसबी जोडली की कॉम्प्युटरवर एकच मोठी फाइल दिसते, नावाच्या शेवटी आयएसओ. ती कॉम्प्युटरवर उतरवा. मग ती ओळ पुन्हा मेमरी स्टिकवर आणा आणि कार्डाच्या अगदी मुळाशी, पीएसपी फोल्डराच्या बाहेर, आयएसओ नावाचा फोल्डर करून फाइल त्यात ठेवा. यूएमडीत जास्तीत जास्त १.८ जीबी मावतं, तेव्हा ३२ जीबीत आठही सहज बसतात. डिस्क फिरवणारी मोटर चालत नाही, म्हणून बॅटरीही जास्त पुरते.

त्याच ओळीत फ्लॅश ० असाही पर्याय येतो. ती यंत्राची आतली मेमरी. तिथली एक फाइल जरी पुसली तरी यंत्र जायबंदी होऊ शकतं. त्या पर्यायावर थांबू नका. भाच्याला मी हे कागदावर लिहून दिलं आणि तो कागद त्याने खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवला.

दुसऱ्यांनी चढवलेले खेळ उतरवून घेणं मी करत नाही आणि भाच्यालाही करू देत नाही. तो खेळ कुणाच्या तरी कष्टाचा आहे. आपल्या डिस्का आणि लेखकांनी स्वतःहून फुकट वाटलेले खेळ, एवढं पुष्कळ आहे. केव्ह स्टोरी हा २००४ साली जपानातल्या एकाच माणसाने करून मोफत दिलेला खेळ पीएसपीवर चालतो, तो भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण केला.

मराठीचा एक उपयोग मात्र सविस्तर सांगते. पीएसपीत देवनागरीचा फाँट नाही. मराठी मजकुराची साधी फाइल टाकली तर चौकोन दिसतात. पण बुकर नावाचा पुस्तक वाचायचा मोफत प्रोग्राम पीडीएफ उघडतो आणि पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधलेला असतो, जोडाक्षरं आधीच जुळलेली असतात. मी लिबरऑफिस या लेखनाच्या मोफत प्रोग्राममध्ये पानाचा आकार १२ बाय ६.८ सेंटिमीटर ठेवला, तो पीएसपीच्या पडद्याच्या प्रमाणात बसतो. अक्षर मोठं, समास अगदी थोडा, मग पीडीएफ. काना-मात्रा जागच्या जागी दिसतात.

आणि आईची आरत्यांची वही. शाळेच्या दुरेघी वहीत तिने निळ्या शाईने लिहिलेल्या आरत्या, शेवटी मंत्रपुष्पांजली, कडेला तेलाचे डाग. मी पानांचे फोटो काढले, आडवे कापून रुंदी ४८० ठिपक्यांवर आणली आणि कार्डाच्या मुळाशी पिक्चर नावाच्या फोल्डरात टाकले. याला कस्टम फर्मवेअरही लागत नाही. फोटोच्या रांगेत उघडतात, वरच्या एल आणि आर बटणांनी पानं पुढे-मागे होतात.

नॉब, म्हणजे डावीकडची गोल दांडी, आपोआप एकीकडे ओढत असेल तर आधी ती दोन मिनिटं सगळ्या बाजूंनी गोल फिरवा. खालच्या काळ्या रबरावरचा मळ बरेचदा तेवढ्याने सुटतो. नाही सुटला तर समोरची काच उघडून ते रबर अल्कोहोलने पुसावं लागतं. ते मोबाइल दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्या.

वापर नसेल तेव्हा बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नका. अर्धी भरा, यंत्रातून काढा, दोन्ही वेगवेगळं ठेवा. आमच्याकडे दमट हवा, म्हणून पीएसपी घरी होता तोवर मी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालायचे आणि दर दोन महिन्यांनी बॅटरी लावून पाहायचे. महिन्यातून एकदा सेव्हडेटाची प्रत कॉम्प्युटरवर, तारखेसकट. हे काम भाच्याकडे होतं.

माघी गणपतीला भाऊ घरी आला. जेवणं झाल्यावर भाच्याने त्याला ओसरीवर बसवलं आणि पीएसपी हातात दिला. जून २०११ ची नोंद उघडली. भावाची बोटं बटणांवर जागच्या जागी गेली. "ताई, हे तू ठेवलं होतंस?" म्हणाला. जहाजावर परतताना त्याने पीएसपी बरोबर नेला, दुसरी बॅटरी आणि मिनी यूएसबीची केबल मी वेगळ्या पिशवीत दिली. मागच्या आठवड्यात निरोप आला, शर्यत एक्क्याण्णव टक्क्यांवर आहे, आणि वहीचं सातवं पान थोडं धूसर आलंय, पुन्हा फोटो काढून पाठव.